दोनशे तेरा पॉइंट चार

१ जानेवारी, बुधवार

ऑइलच्या दुकानातून दरवर्षी कॅलेंडर मिळायचं, यंदा डायरी मिळाली. माझी बायको नंदिनी म्हणाली, वाया घालवू नका, काहीतरी लिहा. लकडगंजच्या गॅरेजात भैय्याजींच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. तिथे ते प्रत्येक इंजिनचं माप कॉपीत लिहायला लावायचे आणि मला कंटाळा यायचा. आता हुडकेश्वरला स्वतःचं गॅरेज टाकून सात महिने झाले, विचारायला माणूस नाही, तेव्हा डायरीलाच सांगू. छापणारा मात्र कंजूष दिसतो. रेघा इतक्या फिक्या आहेत की असून नसल्यासारख्या.

वर्षाचं पहिलं काम आलं. गार्गी नावाची मुलगी आहे, फिजिओथेरपिस्ट, स्वतःची बुलेट चालवते. मागे तिची आई बसली होती, यमुताई, निवृत्त शिक्षिका. यमुताईंची पहिली नोकरी चिखलदऱ्याच्या शाळेत होती. चाळीस वर्षांनी त्या शाळेने त्यांना २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला बोलावलं आहे. गार्गीने ठरवलं की आईला बसने नाही, बुलेटवर न्यायचं. दोघी आणि सामान घेऊन घाट चढायचा म्हणून तिने मोठ्या ताकदीचा कॅम मागवला. तो बसवायचा आहे. २५ तारखेला सकाळी निघणार.

कॅमने होतं काय, असं यमुताईंनी विचारलं. शिक्षिकेला सगळं मुळापासून लागतं. मी स्टुलावर बसवून सांगितलं. इंजिनच्या पोटात अंड्याच्या आकाराचं एक चाक फिरतं, तो कॅम. त्यावर एक सळई उभी असते, तो पुशरॉड. चाकाचा फुगवटा आला की सळई वर सरकते, वरचा व्हॉल्व्ह उघडते आणि इंजिन श्वास घेतं. नव्या कॅमचा फुगवटा मोठा, म्हणून श्वास मोठा. पण हा कॅम घासून बनवलेला आहे, त्याची खालची बाजू बारीक झाली आहे. सळई जिथे उभी राहते ती जमीनच खाली गेली. म्हणून जुनी सळई पुरत नाही, नवी लांब करावी लागते. किती लांब, एवढाच सगळा खेळ.

चुकली तर, त्यांनी विचारलं. आखूड झाली तर खडखडते, चढावर निसटूही शकते. लांब झाली तर व्हॉल्व्ह मिटतच नाही, इंजिनला दाब धरता येत नाही. "म्हणजे दोन्हीकडून मेलो," यमुताई हसून म्हणाल्या. मीही हसलो, पण जेवतानाही तेच डोक्यात होतं.

६ जानेवारी, सोमवार

माप घेतलं. माझ्याकडे मापाचा पुशरॉड आहे, मधोमध आटे असलेला, फिरवला की लांब किंवा आखूड होतो. तो इंजिनमध्ये उभा करायचा, ढिलाई संपेपर्यंत उघडायचा, वर ठरलेला एक फेरा द्यायचा, नट आवळायचा आणि बाहेर काढून व्हर्नियरने मोजायचा. भैय्याजी ढिलाई कशी ओळखायचे तर सळई चिमटीत फिरवून, डोळे मिटून. मी त्यांना म्हणायचो की हा अंदाजपंचे कारभार आता चालत नाही.

ट्यूबलाइट मरायला टेकली आहे. व्हर्नियरच्या रेघा एकमेकींत मिसळत होत्या. शेवटी बाहेर उन्हात जाऊन, हात लांब करून वाचलं. दोन व्हॉल्व्हच्या दोन सळया, त्यातली मोठी दोनशे तेरा पॉइंट चार मिलिमीटर. दुसरीही त्याच हिशेबाने. चिठ्ठी केली आणि लकडगंजला गेलो. एवढ्या बारीक मापाच्या सळया कातणारा लेथ अजूनही भैय्याजींचाच.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी ते म्हणाले होते, आता तू तुझं पाहा. काहून ते सांगितलं नाही. इंजिनकाम बंद करून नुसता लेथ ठेवला. बावीस वर्षांनी माणसाला असं उठवतात, हे मला अजून पचलेलं नाही.

आज चिठ्ठी दिली तर त्यांनी ती न पाहताच शेजारच्या आरामशीनवर लाकडं कापणाऱ्या नत्थूच्या हातात दिली. नत्थूने मोठ्याने वाचली. माझी चिठ्ठी म्हणजे काय लग्नपत्रिका आहे? पूर्वी माझं अक्षर ते अर्ध्या उजेडात वाचायचे. मग लेथच्या डायलवर अंगठ्याचं नख फिरवत बसले. म्हातारपणी माणसाला नाही नाही ते चाळे लागतात.

९ जानेवारी, गुरुवार

पुशरॉड आले. व्हर्नियरवर धरले, तेवढेच वाटले. बसवले. इंजिन हाताने दोन वेळा फिरवलं, मग किक मारली. किक पोकळ गेली. खाली कुठे दाबच नाही. पंधरा-वीस किका मारल्या असतील. व्हॉल्व्ह मिटत नाहीत, म्हणजे सळया लांब आहेत.

यमुताईंचं ते दोन्हीकडून मेलो आठवलं.

१० जानेवारी, शुक्रवार

काम केलं नाही. नुसता इंजिनकडे पाहत बसलो. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझा हात गेला की काय?

१३ जानेवारी, सोमवार

नवीन एलईडी लावली, एक नाही, दोन. गॅरेजमध्ये आता लग्नाच्या मांडवाएवढा उजेड आहे. तरी व्हर्नियरच्या रेघा तशाच. म्हणजे व्हर्नियरच घासलाय. पुन्हा माप घेतलं. मागच्या वेळी लांब झाली होती, तेव्हा मनात भीती होतीच. दोनशे दहा पॉइंट दोन वाटलं, तेच लिहिलं. खरं सांगायचं तर दोनशे अकराही वाटलं होतं.

चिठ्ठी भैय्याजींकडे नेली. नत्थूने वाचलं, त्यांनी मान हलवली.

नंदिनीचा चष्मा माझ्या पान्यांच्या पेटीवर सापडला. गेल्या वर्षी चाळिशी लागल्यापासून ती तो कुठेही विसरते. परवा माझ्या डब्याच्या पिशवीत होता. तिला म्हटलं, एक दिवस त्यावर हातोडा पडेल. ती म्हणाली, पडू द्या. हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नसतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळा मोहल्ला गच्चीवर. पार नाल्यापलीकडच्या घरावरचा पतंग कटला तर त्याची शेपटी निळी होती हे मी सांगितलं, पोरांना दिसलीही नाही. नजर अजून घारीची आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हे जमतं, हे नंदिनीला ऐकू जाईल असं मोठ्याने बोललो. ती तीळ निवडत होती, चष्मा लावून.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

दुसरी जोडी बसवली. इंजिन सुरू झालं आणि जीव भांड्यात पडला. पण पाच मिनिटांत खडखड सुरू. तेल गरम होईपर्यंत वाट पाहिली, आवाज जाईना. सळया आखूड आहेत. मी माप घेतो, चिठ्ठी लिहितो, मग चूक राहते कुणाची? गाडी काढली आणि लकडगंज गाठलं.

भैय्याजी लेथवर वाकलेले होते. मी म्हटलं की लेथ आता माप धरत नाही.

"चिठ्ठीत होतं तेच केलं गा," ते म्हणाले.

"मंग मी खोटं लिहिलं का? खरं सांगू का भैय्याजी, तुमचे डोळे गेले आता. बंद करा हे काम. लोकायचे इंजिन काहून खराब करता?"

त्यांचा डायलवरचा हात तिथेच थांबला. मला वाटलं, आता शिवी देतील. त्यांनी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चिंधीने हात पुसले, एकेक बोट पुसलं आणि लेथचं बटण बंद केलं. नत्थू दारात उभा राहून माझ्याकडे असा पाहत होता जसं मी कुणाच्या तोंडात मारली. मी निघून आलो. वाटेत दोनदा वाटलं, परत जावं. गेलो नाही. माझं चुकलेलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

गार्गी आणि यमुताई येऊन गेल्या. यमुताईंनी नवं हेल्मेट आणलं आहे, ते घालूनच आल्या होत्या, रिक्षात. शाळेत दोन शब्द बोलायचे म्हणून कागद लिहून आणला होता, तुम्हीही वाचा म्हणाल्या. मी कागद धरला, वाचल्यासारखं केलं आणि छान आहे म्हणालो. मन कुठे होतं माझं. बाईंनी किती बारीक लिहिलं आहे.

गार्गीने विचारलं, "रोशनभाऊ, पुढच्या शनिवारी नक्की ना? आईने चाळीस वर्षांत कुणाजवळ एवढा हट्ट केला नाही."

मी हो म्हटलं. हो म्हणताना नजर गाडीवर ठेवली होती.

२० जानेवारी, सोमवार

आज एक नीच विचार आला. दुसरी जोडी तशीच ठेवायची आणि सायलेन्सर मोठ्या आवाजाचा लावायचा. खडखड ऐकू येणार नाही. गार्गीला कळणार नाही. चिखलदऱ्यापर्यंत जाईलही गाडी. आणि घाटात वळणावर सळई निसटली तर? हेल्मेट घालून रिक्षात बसलेल्या यमुताई डोळ्यांसमोरून जात नाहीत. तरी तो सायलेन्सर मी माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता. हे मी लिहून ठेवतो, म्हणजे मला विसरता येणार नाही.

संध्याकाळी नट घ्यायच्या निमित्ताने लकडगंजला गेलो. भैय्याजींच्या लेथवर ताडपत्री टाकलेली. नत्थूला विचारलं. गुरुवारपासून आलेच नाहीत म्हणाला, आणि पुढे काही न बोलता फळ्या मोजायला लागला. रुसले असतील. एका बोलण्याने माणूस इतका रुसतो का? बावीस वर्षांत त्यांनी मला किती वेळा गाढव म्हटलं असेल, मी कधी ताडपत्री टाकून बसलो नाही.

पण झोप लागत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी व्हर्नियरचा डबा उघडला तर आत नंदिनीचा चष्मा. व्हर्नियरच्या डब्यात! डोक्यात तिडीक गेली. डबा तसाच घेऊन घरात गेलो. ती भाजी चिरत होती. चष्मा तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, तुला वाटतं मला दिसत नाही, हो ना? हा व्हर्नियरच घासलाय, तुझा चष्मा लावून दाखवतो तुला. असं म्हणून लावला.

रेघा उभ्या राहिल्या. एकेक वेगळी, काळी, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखी. व्हर्नियर कुठेही घासलेला नव्हता. त्यावर कंपनीचं नाव कोरलं आहे हेसुद्धा मी विसरलो होतो.

"वाचा आता," नंदिनी म्हणाली. भाजी चिरणं थांबवलं नाही तिने.

गॅरेजमध्ये गेलो. पहिली जोडी काढली आणि मोठी सळई मोजली. दोनशे तेरा पॉइंट चार, चिठ्ठीत होतं तेवढंच, केसाचा फरक नाही. दुसऱ्या जोडीतली मोजली. दोनशे दहा पॉइंट दोन. तीही अगदी चिठ्ठीप्रमाणे. मग मापाचा पुशरॉड मोजला, त्याचा नट अजून आवळलेलाच होता. दोनशे अकरा पॉइंट चार. तिथेच जमिनीवर बसलो.

नंदिनी मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला? "दिवाळीपासून ठेवून राहिली मी तो चष्मा जागोजागी," ती म्हणाली. "तुमाले तोंडावर कोन सांगल? चाळिशी म्हटलं का भांडायले उठता."

या डायरीची मागची पानं उघडली. केवढं मोठं अक्षर आहे माझं, बोर्डावर लिहिल्यासारखं. आणि रेघा चांगल्या ठळक आहेत.

मी त्यांना म्हणालो होतो, तुमचे डोळे गेले.

२२ जानेवारी, बुधवार

भैय्याजींच्या घरी गेलो. मीराबाईंनी, म्हणजे काकूंनी, दार उघडलं. म्हणाल्या, सहा दिवस झाले, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात, बोलत नाहीत. भैय्याजी खाटेवर होते. मी जवळ बसलो. घरून शब्द जुळवून गेलो होतो, पण त्यांनीच तोंड उघडलं.

"तुले कसं समजलं गा?"

"काय समजलं?"

"डोळ्याचं. मी तं हिलेबी नाही सांगतलं. एकट्या नत्थूले माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सांगत गेले. उजवा डोळा दोन वर्षांपासून अंधारत गेला, आता गेलाच. डाव्याने समोरचं दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं, बारीक काही वाचता येत नाही. लेथच्या डायलवर त्यांनी कानशीने खाचा पाडून घेतल्या आहेत, नखाला लागतात, त्यावर मोजतात. चिठ्ठी नत्थू वाचतो. आणि गेल्या मे महिन्यात मला का पाठवलं तेही सांगितलं. इंजिनमध्ये त्यांच्या हातून काही चुकलं असतं तर मी ते गुपचूप दुरुस्त केलं असतं आणि कुणाला कळू दिलं नसतं, आणि त्यांना तसं झाकलेलं नको होतं. "तू तेच केलं असतं," म्हणाले, "म्हणून तुले काढलं."

काकू दारातच उभ्या होत्या, हातात चहाच्या कपबशा. त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. दोन वर्षं एका घरात राहून त्यांना आज कळत होतं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंग ते ताटात मीठ हातानं चाचपून घ्याचं, ते म्हणून होतं का?"

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पण बोललो. सगळं सांगितलं. तुमच्या दोन्ही जोड्या चिठ्ठीप्रमाणे तंतोतंत होत्या, चिठ्ठ्याच खोट्या होत्या, माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं आणि वर मी तुम्हाला असं बोललो. खिशातून नंदिनीचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, कारण तोंडाने चाळिशी म्हणायची अजून लाज वाटत होती.

त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, दांड्या चाचपल्या. "बाईमाणसाचा आहे," म्हणाले. "नंदिनीचा?" मी हो म्हटलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतात, तर हसत होते.

"म्हंजे दोघं आंधळे एक इंजिन खोलून बसलो होतो," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडलो. बावीस वर्षांत कधी पडलो नव्हतो, आमच्यात ते कधी झालंच नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल नत्थू भैय्याजींना रिक्षाने गॅरेजवर घेऊन आला. मी मापाचा पुशरॉड इंजिनमध्ये उभा केला. त्यांनी तो चिमटीत धरला, डोळे मिटले आणि फिरवत राहिले. मी आटे उघडत गेलो. अजून. अजून जरा. थांब. बस. वर एक फेरा दिला, नट आवळला, चष्मा लावून मोजलं. दोनशे अकरा पॉइंट चार. दुपारी लेथवरची ताडपत्री निघाली.

आज जोडी बसवली. पहिल्याच किकला पायाखाली दाब आला. इंजिन लागलं. भैय्याजींनी टाकीला कान लावला आणि गरम होईपर्यंत तसेच उभे राहिले. मी तो मोठा सायलेन्सर परत माळ्यावर टाकला.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी सहाला दोघी निघाल्या. यमुताईंनी मागे बसून मला हात केला, जसं काही विमानात बसल्या. वाडी ओलांडल्यावर गार्गीचा फोन, सगळं ठीक. तळेगावहून फोन, ठीक. परतवाड्यानंतर फोन नाही. परतवाड्यानंतर घाट लागतो. चार वाजेपर्यंत तीन वेळा दुसऱ्याच्या गाडीचं ऑइल सांडलं. नंदिनी म्हणाली, तिथं रेंज नसते. मला माहीत आहे तिथं रेंज नसते.

पाचला मेसेज आला. पोचल्या.

२६ जानेवारी, रविवार

गार्गीने फोटो पाठवला. झेंड्याखाली यमुताई, हातात तो कागद. मी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि कागदावरची पहिली ओळ वाचता आली. लिहिलं होतं, मला इथे आणणाऱ्या तिघांचे आभार, माझी मुलगी, तिची गाडी आणि हुडकेश्वरचे रोशनभाऊ. आठ दिवसांपूर्वी हे मी हातात धरून छान आहे म्हणालो होतो.

३० जानेवारी, गुरुवार

भैय्याजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, काकूही आल्या. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, डावा डोळा मात्र औषधाने राखता येईल, रोज थेंब टाकायचे. दोन वर्षांपूर्वी यायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी भैय्याजींकडे पाहिलं आणि भैय्याजींनी जमिनीकडे. तिथेच माझाही नंबर काढून चष्मा करून घेतला. नंदिनीचा तिला परत केला.

येताना रिक्षात थेंबांची बाटली काकूंनी पदरात बांधली होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

आता सोमवारी आणि गुरुवारी मी लकडगंजला जातो, भैय्याजी मंगळवारी हुडकेश्वरला येतात. आज वाडीच्या एका ट्रकवाल्याचं काम होतं, त्याच्या मिस्त्रीने पुशरॉडचं माप चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं. नत्थू चिठ्ठी घ्यायला पुढे आला, पण भैय्याजी म्हणाले, आता हा वाचते.

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी चिठ्ठी जरा लांब धरली आणि सांगितलं, दोनशे अठ्ठ्याऐंशी पॉइंट दोन.

त्यांनी डायलच्या खाचेवर नख ठेवलं, पण हात हलवला नाही.

"चष्मा लावून सांग," म्हणाले.

लावला. दोनशे शहाऐंशी होतं.